एक्सायटॉनला ओढून बघणारा प्रकाश

बारावीच्या वर्गात मी दरवर्षी एक नियम फळ्यावर लिहिते: लहरीच्या लांबीपेक्षा फारच लहान वस्तू त्या लहरीने दिसत नाही. माळव्यातल्या आमच्या अमझेऱ्याच्या मुलांना तो पटतो. पुढे अर्धवाहकांचा धडा येतो, कुणीतरी 'क्यूएलईडी' टीव्हीतल्या क्वांटम डॉटचं विचारतं, आणि मला त्यांना सांगावंसं वाटतं की या ५ नॅनोमीटरच्या कणाच्या आतली हालचाल ज्या टेराहर्ट्‌झ प्रकाशाने मोजतात, त्याची लहर ०.३ मिलिमीटर लांब असते. कणाच्या साठ हजार पट! नियम मोडला का? मुळीच नाही. टेराहर्ट्‌झ प्रकाश तो कण बघत नाही, त्याच्या आतल्या जोडीला ओढून बघतो. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

जोडी कसली, ते आधी सांगते. अर्धवाहकावर प्रकाश पडला की एखादा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी घेतो आणि मागे धनभारासारखी वागणारी रिकामी जागा राहते. तिला होल म्हणतात. ऋण आणि धन एकमेकांना धरून राहिले की ती जोडी म्हणजे एक्सायटॉन. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल यांनी ही कल्पना १९३१ मध्ये मांडली. गॅलियम आर्सेनाइडच्या मोठ्या स्फटिकात हे बंधन फार दुबळं असतं, जेमतेम ४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. खोलीतली उष्णताच सुमारे २६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची, त्यामुळे जोडी लगेच फुटते. क्वांटम डॉटमध्ये मात्र दूर जायला जागाच नसते. कणाचा आकार दोघांना एकत्र कोंडतो, आणि कण जितका लहान तितका त्याचा रंग निळ्याकडे सरकतो. क्वांटम डॉटचा शोध आणि निर्मिती यांसाठी बावेंडी, ब्रुस आणि येकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

रंगावरून जोडीची ऊर्जा कळते. तिला आत किती मोकळीक आहे, हे मात्र रंग सांगत नाही. तिथे टेराहर्ट्‌झ लागतो. १ टेराहर्ट्‌झच्या एका फोटॉनमध्ये सुमारे ४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते, तांबड्या प्रकाशाच्या फोटॉनच्या साडेचारशेवा भाग. एवढ्याशा ऊर्जेने नवी जोडी निर्माण होत नाही. आणि लहर कणापेक्षा इतकी मोठी असल्यामुळे कणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिचं विद्युतक्षेत्र सारखंच असतं. ते इलेक्ट्रॉनला एका बाजूला ओढतं, होलला दुसऱ्या. खुंट्याला बांधलेल्या बैलाला ओढलं की दावं किती लांब आहे ते कळतं, तसं जोडी किती ताणली गेली यावरून तिच्या कोंडवाड्याचा अंदाज येतो.

प्रयोगात फेम्टोसेकंद लेसरच्या एकाच स्पंदाचे भाग करतात. एक भाग नमुन्यात एक्सायटॉन निर्माण करतो. दुसरा झिंक टेल्युराइडसारख्या स्फटिकातून टेराहर्ट्‌झ स्पंद काढतो. तिसरा तो स्पंद मोजतो. या भागांमधला वेळ घड्याळाने नाही, आरशाने ठरतो: आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकवला की प्रकाशाचा जाऊन-येऊन ०.३ मिलिमीटर प्रवास वाढतो, म्हणजे १ पिकोसेकंद उशीर. पाण्याची वाफ हा प्रकाश शोषून घेते, म्हणून उपकरणाच्या पेटीत कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडतात. आमच्या माळव्याच्या श्रावणातल्या हवेत उघड्यावर हे मोजमाप करायचं म्हटलं तर आलेख वाफेच्याच खाचांनी भरून जाईल.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्या वेळी असलेल्या टोनी हाइन्झ आणि सहकाऱ्यांनी १ ते २.५ नॅनोमीटर त्रिज्येचे कॅडमियम सेलेनाइडचे कण असे तपासले. २००६ मध्ये त्यांनी दाखवलं की जोडीचं ताणलं जाणं त्रिज्येच्या जवळपास चौथ्या घाताने वाढतं. त्रिज्या दुप्पट, तर ताण सोळापट! शिवाय ओढ लागताच जोडी तत्क्षणी प्रतिसाद देते. घट्ट कोंडलेपणाची ही खूण.

पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत पंकज मंडल आणि अंशुमन नाग यांच्या गटांनी वेगळाच पदार्थ घेतला: सिझियम, शिसं आणि ब्रोमीन यांचा पेरोव्हस्काइट, ११ नॅनोमीटरचे कण. या पदार्थात एक्सायटॉनचा स्वाभाविक व्यास सुमारे ७ नॅनोमीटर, म्हणजे कण त्याहून मोठा आणि कोंडणं सैल. २०१६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजमापात मुक्त भारवाहक, म्हणजे जोडीत न बांधलेले इलेक्ट्रॉन आणि होल, दिसले, आणि त्यांची गतिशीलता, म्हणजे विद्युतक्षेत्रात धावण्याची सहजता, सुमारे ४५०० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद निघाली. सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनची साधारण १४०० असते. कणांच्या पृष्ठभागावरचे दोष भारांना फारसे अडकवत नाहीत, असंही त्यांना आढळलं. मला हा निष्कर्ष त्या मोठ्या आकड्याहून मोलाचा वाटतो, कारण इतक्या लहान कणात पृष्ठभागच जास्त असतो आणि बहुतेक पदार्थांचा घात तिथेच होतो. मात्र ही गतिशीलता एका कणाच्या आतली आहे. सौरघट करायचा तर भारांना कणातून कणात उडी मारावी लागते, आणि ते काम वेगळं आहे.

याच गटांनी २०१७ मध्ये सौरघटाच्या दिशेने पुढचं मोजमाप केलं. जास्त ऊर्जेच्या प्रकाशाने जन्मलेले 'गरम' इलेक्ट्रॉन आणि होल थंड होण्याआधीच कणाला चिकटवलेल्या रेणूंकडे जाऊ शकतात, हे टेराहर्ट्‌झने टिपलं. आजच्या सौरघटात ही जादा ऊर्जा पिकोसेकंदांत उष्णता होऊन वाया जाते.