दोन मापांच्या मधला माणूस

केजहून सकाळी धनेगावला, मांजरा धरणापर्यंत जाऊन यायचं, जमलं तर रविवारी अंबाजोगाई गाठायची, म्हणून रोड बाईक घ्यायचं ठरतं. मोबाईलवर कंपनीचा तक्ता उघडतो. समजा त्यात लिहिलंय: स्मॉल १६५ ते १७४ सेंमी, मीडियम १७३ ते १८०. आणि आपली उंची नेमकी १७३. दोन्ही मापं बसतात असं तक्ता म्हणतो, म्हणजे खरं तर तो काहीच सांगत नाही. दुकान शंभर-दोनशे किलोमीटर लांब, तेव्हा रोज जाऊन बसून बघणंही शक्य नाही.

आधीच्या पिढीला हा घोळ नव्हता. काळी २२ इंची नाहीतर २४ इंची सायकल असायची, आणि सीटवर बसून पाय टेकले की माप झालं. हँडल जवळ, पाठ ताठ, त्यामुळे दोन बोटांचा फरक अंगाला कळायचा नाही. रोड बाईकवर मात्र माणूस पुढे वाकतो आणि तासन्‌तास तसाच राहतो. तिथे एक सेंटीमीटरही मानेला आणि तळहातांना कळतो.

मापं इतकी मोजकी का, यालाही कारण आहे. पूर्वी रोड बाईकचा वरचा दांडा आडवा असे आणि फ्रेम एक-दोन सेंटीमीटरच्या अंतराने मिळत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस माइक बरोज या इंग्रज डिझायनरने जायंट कंपनीसाठी टीसीआर ही सायकल आखली. तिचा दांडा मागे उतरता होता. मापं थोडकीच ठेवायची आणि उरलेला फरक लांब सीटपोस्टने आणि वेगवेगळ्या स्टेमने (हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याने) भरून काढायचा, अशी ती कल्पना. पुढे बहुतेकांनी तीच वाट धरली. कंपनीची आणि दुकानदाराची सोय झाली, मधल्या मापाच्या माणसाची पंचाईत झाली.

सुरुवात उंचीपासून नको, पायांपासून करावी. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पावलांत साधारण वीतभर अंतर ठेवून उभं राहा. एखादं जाड पुस्तक दोन मांड्यांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखा दाब येईल इतकं वर ओढा, आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा ८१ सेंमी आलं. त्याला ०.८८३ ने गुणलं की ७१.५ येतात. पायडलचा दांडा जिथे फिरतो त्या बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं हे अंदाजे अंतर. सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने हे सूत्र जगभर वापरलं जातं. ही उंची स्मॉलवरही मिळते आणि मीडियमवरही, सीटपोस्ट थोडा वर किंवा खाली. म्हणजे सीटच्या उंचीवरून माप ठरतच नाही. ठरतं ते हँडल कुठे येतं यावरून.

त्यासाठी तक्त्यात खाली बारीक अक्षरात दोन आकडे असतात, स्टॅक आणि रीच. बीबीच्या मध्यापासून फ्रेमच्या पुढच्या नळीचं तोंड किती वर आहे तो स्टॅक, आणि किती पुढे आहे तो रीच. समजा स्मॉलचा स्टॅक ५२७ मिमी आणि रीच ३७८, मीडियमचा स्टॅक ५४७ आणि रीच ३८५. रीचमधला फरक फक्त ७ मिमी दिसतो, म्हणून पुष्कळ जण ‘काही फरक नाही’ म्हणत स्मॉल घेतात. इथेच हिशेब चुकतो.

फ्रेमची पुढची नळी सरळ उभी नसते, साधारण ७३ अंशांत मागे कललेली असते. स्मॉलचं हँडल मीडियमइतकं वर आणायला स्टेमखाली २० मिमी स्पेसर, म्हणजे कड्या, घातल्या तर हँडल १९ मिमी वर जातं, पण सोबत जवळजवळ ६ मिमी मागेही येतं. म्हणजे एकाच उंचीवर तुलना केली तर स्मॉलचा रीच ३७२, मीडियमचा ३८५. फरक ७ नव्हे, १३ मिमी. तो १० मिमी लांब स्टेमने जवळपास भरून निघतो. मग अडचण काय? अडचण त्या २० मिमी स्पेसरची आहे. फोर्कची वरची नळी कारखान्यातूनच कापून येते, तिच्यावर काही स्पेसर आधीच असतात, आणि कार्बनच्या नळीवर साधारण ३०-४० मिमीच्या पुढे ते चढवू नयेत असं पुष्कळ कंपन्या बजावतात. स्टेम बदलून हँडल लांब नेता येतं, उंच नेणं मात्र लवकरच थांबतं.

‘लहान घ्या, लहानाचं मोठं करता येतं’ हा सल्ला म्हणूनच अर्धा खरा. कंबर लवचीक असलेल्या, शर्यतीची हौस असलेल्या विशीतल्या पोराला स्मॉल द्यावी. वाकणं त्याला जड नाही, आणि फ्रेम हलकीही असते. पण चाळिशीतला, दिवसभर खुर्चीत बसणारा, गुडघे न वाकवता पायाची बोटं गाठू न शकणारा माणूस असेल तर माझं मत मीडियमच्या बाजूने. केजच्या रस्त्यांवर तर अधिकच. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर समोरून येतात, तेव्हा मान वर आणि बोटं ब्रेकवर हवीत. धारूरचा घाट उतरतानाही तसंच. हँडल फार खाली असेल तर पाच-दहा मिनिटांतच नजर रस्त्यावरून चाकावर येते.

मीडियमला एक अट मात्र आहे. हात पुरावेत म्हणून स्टेम ८० मिमीपेक्षा आखूड करावं लागत असेल तर ती फ्रेम आपली नाही. हँडल उगाच चपळ होतं. पाय लांब आणि धड आखूड असलेल्यांचं नेमकं असं होतं: स्मॉलवर हँडल खोल जातं, मीडियमवर लांब. त्यांनी मापाशी झुंजत बसू नये, मॉडेल बदलावं. लांब फेऱ्यांसाठीच्या एन्ड्युरन्स प्रकारच्या सायकलींचा स्टॅक जास्त आणि रीच कमी असतो. पाय आखूड, धड लांब असेल तर उलट सोय: सीट खालीच राहते, त्यामुळे लांब स्टेमची स्मॉलही चालून जाते.

एक उपाय टाळावा. हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे सरकवायची नाही. सीटची जागा गुडघा आणि पायडल यांच्या नात्यावरून ठरते, हातांवरून नाही. नाहीतर हाताचं दुखणं गुडघ्यात जातं. फ्रेम लहान असली की सीटची नळीही पुष्कळदा अर्ध्या-एक अंशाने जास्त उभी असते. ७२ सेंमी उंचीवर अर्धा अंश म्हणजे सीट ६ मिमी पुढे. तेवढी ती मागे घेतली की हँडलही तेवढंच लांब जातं. वरच्या दांड्याच्या लांबीत हा फरक दिसत नाही, म्हणून तिच्यावर विसंबण्यापेक्षा स्टॅक-रीच बघणं बरं.

दुकानात गेल्यावर पार्किंगमध्ये एक फेरी पुरत नाही. अर्धा तास तरी चालवायला मागा, हात ब्रेकच्या हुडवर ठेवून. कोपरं ताठ होत असतील, तळहात बधिर पडत असतील, अंग सारखं सीटच्या टोकाकडे घसरत असेल, तर हँडल लांब किंवा खोल आहे. कोपरं गुडघ्यांना लागू लागली, बसल्यावर आखडल्यासारखं वाटलं, तर आखूड आहे. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब फेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते; अर्ध्या तासात जे बोचतं ते तिथे किती होईल याचा अंदाज करा.

आणि पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: फोर्कची नळी आणखी कापलेली नाही ना, आणि १० मिमी लांब किंवा आखूड स्टेम बदलून मिळेल का.