फायबरची बॉडी आणि फटींचं गणित

नांदेडकडच्या नायगावच्या बाजारात 'फायबर' कुणाला नवं नाही. उन्हाळ्यात दारोदारी फायबरचे कुलर असतात, ट्रॅक्टरवर फायबरचं छत असतं. म्हणूनच किट-कारचा, म्हणजे चासी, इंजिन आणि बॉडीचे सुटे भाग आणून जुळवायच्या गाडीचा विषय निघाला की ऐकणाऱ्याला ते काम सोपं वाटतं. फायबरच तर आहे, बोल्ट आवळले की बसलं! कुठे फट राहिली तर लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, वरून रंग द्यायचा.

हा समज महागात पडतो. बॉनेट आणि मडगार्डमधली वाकडी फट डोळ्यांना बॉडीवर दिसते, पण बहुतेक वेळा तिचं मूळ खाली, चासीत असतं. तिथली चूक लांबीने झाकता येते, काढता येत नाही.

महाराष्ट्राला ही कला परकी नाही. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत गिडो आणि शामा बोथे यांनी 2003 मध्ये चिंकारा मोटर्स सुरू केली. त्यांची रोडस्टर ही कॉलिन चॅपमन यांच्या 1957 सालच्या लोटस सेव्हनच्या धर्तीवरची गाडी. तिची बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन अँबॅसिडरमध्ये बसणारं 1.8 लिटरचं इसुझू. त्याआधी, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, गोव्यात सॅन स्टॉर्म ही दोन सीटांची उघडी गाडी तयार होऊ लागली. तिची बॉडीही फायबरग्लासचीच. जगात पाहायचं तर शेवरले कॉर्व्हेटचं उदाहरण मोठं आहे. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात 1953 मध्ये तिच्या पहिल्या 300 गाड्या बऱ्याच अंशी हातानेच जोडल्या गेल्या. एवढ्या मोठ्या कंपनीलाही पॅनल नुसती ठेवून बसवता आली नाहीत, यातच बरंच काही आलं.

साच्यातून निघालेलं पॅनल अगदी मापाचं असतं, हा गैरसमजही 'बोल्ट आवळले की बसलं'च्याच जातीचा. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसतं. नुसत्या रेझिनचं आकारमान साधारण 5 ते 8 टक्क्यांनी घटतं. काचेचे धागे त्याला धरून ठेवतात, म्हणून पॅनल तितकं आकसत नाही, पण थोडं ओढलं जातंच, आणि जाडी कमी-जास्त असेल तिथे वेडंवाकडं ओढलं जातं. शिवाय हाताला कडक लागलं म्हणून काम संपलेलं नसतं. रेझिन पक्कं होण्याची क्रिया पुढे कित्येक दिवस चालू राहते. घाईने साच्यातून काढलेलं बॉनेट भिंतीला तिरकं टेकवून ठेवलं तर त्याच वाकात ते कायमचं पक्कं होऊ शकतं. त्यामुळे एकाच साच्यातली दोन मडगार्डंही जुळी असतील असं धरून चालू नये, आणि नवीन पॅनल आलं की ते सपाट, सगळीकडून आधार देऊन ठेवावं.

मराठवाड्यातल्या उन्हाचा मुद्दा इथेच येतो. रेझिनमध्ये हार्डनर जास्त टाकला की माल मजबूत होतो, असं ठामपणे सांगितलं जातं. वस्तुस्थिती वेगळी आहे. हार्डनरचं प्रमाण सहसा रेझिनच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के असतं, आणि नेमका आकडा रेझिन बनवणाऱ्याने दिलेला असतो. प्रमाण वाढवलं की मिश्रण फार लवकर आणि फार तापून घट्ट होतं, आकसणं वाढतं, तडे जातात. नांदेड-लातूरकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा भांड्यातलं रेझिन ब्रश फिरवायच्या आतच गोळा होऊ लागतं. अशा दिवसांत हे काम सकाळी लवकर, थोडा थोडा माल कालवून करावं. आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. बाजारात कोबाल्ट, म्हणजे रेझिन घट्ट होण्याला गती देणारं रसायन, आणि हार्डनर वेगवेगळे मिळतात, ते एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यातून आग भडकू शकते, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण एकजीव करायचा आणि त्यानंतरच हार्डनर घालायचा.

आता खरं जुळवणीचं काम. पॅनल हाती आलं की एका टोकापासून बोल्ट आवळत जायचं, असं अनेकांना वाटतं. अनुभवी हात आधी चासीकडे वळतात. गाडी स्वतःच्या चाकांवर, सपाट जमिनीवर उभी हवी आणि इंजिन-गिअरबॉक्स जागेवर हवेत, कारण हलकी नळ्यांची चासी वजन आलं की किंचित वाकते. स्टँडवर उचललेल्या गाडीवर सुरेख जमवलेली दाराची फट, गाडी खाली उतरवली की बदलते. चासीचे कर्ण मोजून ती चौकोनात आहे ना, हे आधी पाहावं लागतं. मग सगळी पॅनल एकदम, बोल्ट सैल ठेवून, नुसती अडकवायची. जे हलवता येत नाही तिथून सुरुवात करायची: काचेची चौकट, दाराच्या बिजागऱ्या. दार नीट उघडझाप झालं की त्याच्या रेषेला मागचा-पुढचा भाग जुळवायचा, आणि बॉनेट शेवटी. पॅनल खाली बसत असेल तर खालून पॅकिंग द्यायचं, ते ओढून आवळायचं नाही. जबरदस्तीने ओढलेलं फायबर त्या दिवशी बसतं, पण त्यातला ताण तसाच राहतो आणि काही महिन्यांनी बोल्टच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटतात.

चिरांना आणखी एक कारण असतं, ते म्हणजे भोक. फायबरमधलं भोक बोल्टच्या मापाचं नको, थोडं मोठं हवं. डोक्याखाली रुंद वॉशर आणि आतून पट्टी हवी. पत्र्यात चालणारा बसक्या डोक्याचा स्क्रू इथे पाचरीसारखं काम करतो आणि भोकाच्या कडा फोडतो.

फट किती ठेवायची? जितकी कमी तितकं काम सुबक, असा आग्रह धरणारे बरेच भेटतात. चटईसारख्या मॅटपासून बनवलेलं फायबरग्लास उष्णतेने पोलादाच्या दुपटीहून अधिक पसरतं. 1.2 मीटर लांबीचं बॉनेट धरा. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत, गडद रंगाच्या पॅनलच्या तापमानात 50 अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात ते साधारण दीड मिलिमीटर वाढतं. त्याखालची पोलादी चासी एवढ्या लांबीत त्याच्या निम्मीही वाढत नाही. दोन मिलिमीटरची फट ठेवली तर फार थोडी जागा उरते आणि उन्हात कडा घासू शकतात. 4 ते 5 मिलिमीटरची, पण सगळीकडे सारखी फट डोळ्याला छान दिसते आणि गाडीलाही मानवते. रंगाचे थर कडेवर चढतात, त्यांची जागा आधीच सोडावी. रंग द्यायचा तो जुळवणी पूर्ण झाल्यावरच, आधी कधीच नाही.

फट जास्त असेल तर लांबी चालेल का? कडेवर नाही. लांबीत धागा नसतो, त्यामुळे दार आपटलं की तिचा टवका उडतो. कड वाढवायची तर जुना भाग खरवडून, त्यावर मॅट आणि रेझिनचे थर देऊन ती पुढे आणावी लागते. त्यातही क्रम महत्त्वाचा आहे. साच्यातलं मेण पॅनलवर राहिलेलं असतं, म्हणून आधी सॉल्व्हंटने पुसायचं आणि नंतर घासायचं. उलटं केलं की घासताना मेण आत दाबलं जातं आणि नवा थर धरत नाही.

हलकं म्हणजे कमकुवत, ही तक्रारही आकड्यांवर तपासण्यासारखी आहे. मॅटच्या फायबरचा कडकपणा पोलादाच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शाचा, हे खरं. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. म्हणून 3 मिलिमीटरचं फायबर 0.8 मिलिमीटरच्या पत्र्यापेक्षा वाकवायला जवळपास दुप्पट कठीण असतं, आणि तरीही चौरस मीटरला साडेचार किलोच भरतं. पत्र्याचं वजन तेवढ्याच जागेत सव्वासहा किलोच्या आसपास जातं. मात्र फायबर पत्र्यासारखं चेपत नाही, तडकतं. तडा दुरुस्त होतो, पण डेंटिंगच्या हातोड्याने नव्हे. कड निमुळती घासून नवे थर द्यावे लागतात.

आरोग्याबद्दल दोन टोकांचे समज आहेत. एक म्हणजे काचेची धूळ ॲस्बेस्टॉससारखी घातक. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सलग काचतंतूंना तसं ठरवलेलं नाही. तिच्या वर्गवारीत ते तिसऱ्या गटात, म्हणजे निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नसलेल्यांत येतात. तरी ही धूळ त्वचा आणि घसा चुरचुरवते. मास्क, हातमोजे लागतातच. दुसरं टोक जास्त धोक्याचं: रेझिनचा वास येतो, पण त्याने काही होत नाही. त्यातल्या स्टायरीनला याच संस्थेने 2018 मध्ये 'बहुधा कर्ककारक' गटात घातलं. बंद खोलीत हे काम करू नये.

वायरिंगमध्ये तर सगळेच एकदा फसतात. पत्र्याच्या गाडीत दिवा बॉडीवर स्क्रूने बसवला की त्याला अर्थिंग मिळतं. फायबर वीज वाहत नाही. प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत वेगळी अर्थिंगची वायर ओढली नाही, तर बल्ब नवा असूनही पेटत नाही आणि माणूस दिवसभर फ्यूज तपासत बसतो.

शेवटचा गैरसमज कागदांचा. गाडी नीट उभी राहिली की नांदेडच्या आरटीओत जाऊन एमएच-26 चा नंबर घ्यायचा, इतकं ते सरळ नाही. जुन्या गाडीच्या नोंदणीवर ही बॉडी चढवावी म्हटलं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कडक शब्दांत अधोरेखित केलं. नव्या रचनेच्या गाडीला नमुना-चाचणी लागते. ती करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांत पुण्याची एआरएआय आणि सीआयआरटी, तसंच अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, व्हीआरडीई यांचा समावेश आहे. एका हौशी माणसाला एका गाडीसाठी तो खर्च झेपणं कठीण आहे. म्हणून पॅनलची ऑर्डर देण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी, आणि विकणारा 'नंबर आम्ही काढून देऊ' म्हणाला तर चाचणीचं प्रमाणपत्र कुणाच्या नावाचं आणि कुठल्या मॉडेलचं आहे, ते पैसे देण्याआधी मागून पाहावं.