यंत्र बिघडलेले नव्हते!

चार वर्षांपूर्वी दवाखान्यासाठी रक्तदाब मोजण्याचे नवे यंत्र आणले. ते बरोबर चालते का, हे पाहण्यासाठी आमच्या कंपाउंडरने पट्टा माझ्याच दंडाला गुंडाळला. आकडा आला १६४/१०२! यंत्र बिघडलेले दिसते म्हणून जुन्या पाऱ्याच्या यंत्रावर मोजले. पारा तेवढाच चढला.

डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती. रक्तदाबाची हीच तर खोड. वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांवरचे काम आतून चालू राहते. एका मोजणीवर निदान करू नये, म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजले. रोज १४०/९० च्या वरच. मग मात्र एका डॉक्टर मित्राकडे गेलो. स्वतःचे औषध स्वतःच लिहिण्याचा मोह आम्हा डॉक्टरांनाही टाळावाच लागतो.

मित्राने दिनक्रम विचारला, तेव्हा सांगताना लाज वाटली. रात्री साडेदहापर्यंत दवाखाना, मध्ये सात-आठ कप चहा, अकराला जेवण, ताटात पापड आणि लोणचे. झोपायला एक. उशाशी मोबाईल. "वेळेवर जेवा, वेळेवर झोपा," असे दिवसभर रुग्णांना सांगणारा मीच तो!

गोळी सुरू झाली. पण खरी परीक्षा मिठाची. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक छोटा चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या पदार्थांत मिळून. आमच्या सौ. म्हणाल्या, "आपल्या भाजीत कुठे फार मीठ असते?" भाजीत नव्हतेच. ते होते लोणच्यात, फरसाणात, चहाबरोबरच्या खाऱ्या बिस्किटांत. पापडात तर मिठाबरोबर पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच. सैंधव खाल्ले तर चालते, असा एक समज आहे. सैंधवही मुख्यतः मीठच आहे, वाचकहो! आम्ही ताटातले वाढीव मीठ बंद केले, लोणचे रविवारवर नेले. पहिले काही आठवडे जेवण अळणी लागले. नंतर जीभ सरावली. आता बाहेरची भाजी खारट लागते.

दवाखाना साडेआठला बंद करायचे ठरवले, तेव्हा कंपाउंडर म्हणाले, "साहेब, पेशंट दुसरीकडे जातील." काही गेलेही. पहिले तीन-चार महिने गल्ला हलका झाला, हे लपवत नाही. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, त्यामुळे मन दोनदा डळमळले. पण पाटी बदलली नाही. अडल्यानडल्यासाठी घराची बेल आहेच.

फिरण्याचे मात्र अनेकदा बिनसले. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालायचे, असे ठरले. पंधरा दिवस जमले, मग पाऊस, मग लग्नसराई. बूट दोन महिने कोपऱ्यात पडले. पुन्हा सुरू केले तेव्हा मैदानावरच्या मंडळींनी "काय डॉक्टर, गावाला होता का?" असे विचारले. मी हो म्हणालो! असे तीनदा तरी झाले असेल.

आणखी एक कबुली देतो. आकडा १२८/८० आला, तेव्हा आता बरा झालो, असे समजून मी आठवडाभर गोळी बंद ठेवली. पुढच्या मोजणीत १५२/९६. रुग्ण असे करतात तेव्हा मी रागावत असे. आता रागावत नाही, ही गोष्ट सांगतो. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

मोजताना आधी पाच मिनिटे शांत बसावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. पाठ टेकलेली, हात हृदयाच्या उंचीवर, आणि बोलणे बंद. आमच्याकडे हे शेवटचे सर्वांत अवघड!

माझे एक जुने रुग्ण आहेत, किराणा दुकानदार. गोळी चुकवण्यात पटाईत. माझी हकीकत कळल्यापासून ते दर महिन्याला येतात, बाकावर बसतात आणि विचारतात, "डॉक्टरसाहेब, तुमचा किती?" मी आकडा सांगतो. मगच ते बाही वर करतात.