पुरे म्हणता येणे

माणसाला जखडणारी बरीच बंधने त्याच्या गरजांतून येतात. किती पुरे, हे ठरवता आले की निवडीला वाव मिळतो. मेळघाटात सेमाडोहच्या पलीकडे, धारणी तालुक्यातल्या बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे यांनी १९८०च्या दशकात हाच हिशेब मांडला. लग्नासाठी त्यांच्या चार अटी होत्या: ४० किलोमीटर चालायची तयारी, ५ रुपयांत नोंदणी विवाह, महिन्याला ४०० रुपयांत संसार आणि वेळ आली तर इतरांसाठी भीक मागणे. नागपुरातला चालता दवाखाना सोडून डॉ. स्मिता यांनी त्या स्वीकारल्या. खरे तर जास्त धाडस स्मिता यांचेच. बैरागडला ते तपासणीचे पहिल्यांदा २ रुपये घेत, नंतर १. तिथल्या कोरकू आदिवासींचे कुपोषण नुसत्या औषधाने हटत नाही, हे उमगल्यावर दोघे शेतीतही उतरले. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.