साखळी करवतीचा ध्वनिशामक

साखळी करवतीच्या पेट्रोल एंजिनातून वेगाने बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंचा आवाज कमी करणारी, त्यांचे तापमान उतरविणारी व त्यांतील जळते कण अडविणारी धातूची पेटी. व्यवहारात तिला सायलेन्सर किंवा मफलर म्हणतात. मोटारगाडीत ध्वनिशामकाला लांब निष्कास नळीची जोड मिळते. हातात धरावयाच्या करवतीत मात्र ही तिन्ही कार्ये सिलिंडराला चिकटून बसविलेल्या, ओंजळीत मावेल एवढ्या पेटीकडून करून घ्यावी लागतात. तिच्या अभिकल्पातील सर्व अडचणी यातूनच उद्‌भवतात.

पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी करवती १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत प्रचारात आल्या. भंडारा जिल्ह्यातील तुमसर, साकोली, लाखनी व पवनी या तालुक्यांच्या वनभागांत साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह व बांबू असलेली शुष्क पानझडी वने आहेत. अशा वनांतील कूपतोड व सागाच्या लागवडीची विरळणी पूर्वी कुऱ्हाडीने व दोन माणसांनी ओढावयाच्या करवतीने होत असे. पुढे त्यांना साखळी करवतीची जोड मिळाली. तोडीचा हंगाम कोरड्या ऋतूत येतो व त्याच्या अखेरीस जमिनीवर वाळलेल्या पाल्याचा जाड थर असतो. त्यामुळे येथे ध्वनिशामकाचा संबंध मजुराच्या कानाइतकाच वणव्याशीही येतो. मूळ पेटी गंजली किंवा तडकली आणि सुटा भाग वेळेवर मिळाला नाही, तर ती स्थानिक कार्यशाळेत बनवून घेतली जाते. अशा वेळी पुढील तत्त्वे ध्यानात घेणे आवश्यक असते.

तत्त्व : करवतीचे एंजिन बहुधा एक सिलिंडराचे व द्विधाव असते, म्हणजे भुजादंडाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा ज्वलन होते. दर मिनिटास ९,००० फेरे होत असता निष्कासाचे सेकंदाला १५० स्पंद निर्माण होतात. हा मूळ स्वर १५० हर्ट्‌झचा असून त्याच्या दुप्पट, तिप्पट इ. कंप्रतांचे अतिस्वर त्यात मिसळलेले असतात. निष्कास वायूचे तापमान ५००° से. धरल्यास त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सु. ५५० मी. येतो व १५० हर्ट्‌झच्या तरंगाची लांबी साडेतीन मीटरांहून अधिक भरते. परावर्तित तरंगाने मूळ तरंगाचा नाश करण्यासाठी पाव तरंगलांबीची, म्हणजे सु. ९० सेंमी. लांबीची नळी लागेल. ती करवतीवर बसविणे शक्य नसते. म्हणून येथे पोकळी व अरुंद निर्गम नळी यांच्या संयोगाचा, म्हणजे हेल्महोल्ट्स अनुस्पंदकाच्या तत्त्वाचा, आश्रय घेतात. पोकळी वायूच्या उशीप्रमाणे स्पंद सामावून घेते आणि निर्गम नळी तो सावकाश बाहेर सोडते.

उदा., ५०० घ. सेंमी. पोकळी, १.५ चौ. सेंमी. निर्गम क्षेत्र व ४ सेंमी. परिणामी लांबीची नळी घेतल्यास अनुस्पंदन कंप्रता सु. २४० हर्ट्‌झ येते. तिच्या सु. १.४ पटीहून वरच्या कंप्रताच अडविल्या जातात. आदर्श गणिताने ४५० हर्ट्‌झला ८ व ६०० हर्ट्‌झला १४ डेसिबेल घट मिळते. मूळ स्वर मात्र न घटता निसटतो. तरीही अशी पेटी उपयुक्त ठरते, कारण मानवी कान १५० हर्ट्‌झपेक्षा १,००० ते ४,००० हर्ट्‌झ या टापूत पुष्कळच अधिक संवेदनशील असतो.

आवाज मोकळा व एंजिन जोरकस व्हावे म्हणून निर्गम छिद्र मोठे करण्याची प्रथा आहे. वरील उदाहरणात क्षेत्र दुप्पट केले, तर अनुस्पंदन कंप्रता सु. ३४० हर्ट्‌झवर जाते. ६०० हर्ट्‌झची घट १४ वरून सु. ६.५ डेसिबेलांवर येते आणि ४५० हर्ट्‌झचा स्वर घटण्याऐवजी वाढतो. शिवाय वायूचा प्रवाह वाढल्याने इंधन-हवा मिश्रणातील इंधनाचे प्रमाण घटते. कार्ब्युरेटर पुन्हा जुळविला नाही, तर दट्ट्या तापून सिलिंडरात अडकण्याचा संभव असतो. छिद्र वाढविणे म्हणजे अभिकल्प बदलणे होय, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

रचना : पेटी शक्य तितकी मोठी घेऊन मधल्या पडद्याने तिचे दोन कप्पे करतात. काचतंतूंसारखे शोषक पदार्थ द्विधाव एंजिनातील तेलाने भिजून निकामी होतात, म्हणून ते टाळतात. अगंज पोलादाचा १ ते १.५ मिमी. जाडीचा पत्रा योग्य असतो. जस्तलेपित पत्र्याच्या वितळजोडकामात विषारी धूर निघतो. तसा पत्रा वापरू नये. कंपनामुळे तडे प्रथम बोल्टांच्या भोकांशी पडतात, त्यामुळे तेथे जाड पट्टी जोडावी लागते. निर्गमाचे तोंड चालकापासून, इंधन टाकीपासून व जमिनीवरील पाल्यापासून दूर वळविलेले असावे.

ठिणगीरोधक : निष्कासातील कार्बनाचे जळते कण अडविण्यासाठी निर्गमावर अगंज पोलादाची जाळी बसवितात. अमेरिकेतील वनांत वापरावयाच्या करवतींसाठीच्या मानकानुसार जाळीची छिद्रे ०.५८ मिमी. हून मोठी असू नयेत, तसेच पेटीच्या पृष्ठाचे तापमान २८८° से. व बाहेरील निष्कास वायूचे तापमान २४६° से. यांवर जाऊ नये. जाळी काजळीने बुजली की शक्ती घटते आणि चालक ती काढून टाकतो. म्हणून ती एखाद्या स्क्रूने सहज काढून, घासून परत बसविता येईल अशी असणे हा अभिकल्पाचाच भाग मानला पाहिजे. [⟶ वणवा].

चाचणी व मर्यादा : नवी पेटी बसविण्यापूर्वी व नंतर, त्याच करवतीने तेच लाकूड कापताना, चालकाच्या कानाशी ध्वनिपातळी मोजावी. साखळी करवतीची पातळी तेथे सर्वसाधारणपणे १०० ते ११० डेसिबेल (अ) असते. भारतातील कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबेलांस आठ तासांची मर्यादा असून दर ५ डेसिबेलांस ती निम्मी होते; या हिशेबाने १०५ डेसिबेलांस एकच तास मिळतो. अंतर्कर्णातील केशकोशिका एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उत्पन्न होत नाहीत आणि श्रवणहानी ४,००० हर्ट्‌झच्या आसपास नकळत सुरू होते. आपल्याला कमी ऐकू येते हे मजुराच्या ध्यानात येईपर्यंत हानी कायमची झालेली असते.

ध्वनिशामकाच्या शास्त्रात भारतीयांचे कार्य उल्लेखनीय आहे. बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील एम्‌. एल्‌. मुंजाल यांचा नळ्या व ध्वनिशामक यांच्या ध्वनिकीवरील इंग्रजी ग्रंथ (१९८७) या विषयातील प्रमाणग्रंथ मानला जातो. तथापि उत्तम ध्वनिशामकही साखळीचा, हवा आत ओढली जाण्याचा व एंजिनाच्या कवचाचा आवाज थांबवू शकत नाही. त्यामुळे कर्णरक्षक वापरणे अपरिहार्य ठरते. ध्वनिशामक त्याची जागा घेत नाही. कर्णरक्षकावर पडणारा भार तेवढा तो हलका करतो, आणि कर्णरक्षक नसलेल्या सोबतच्या मजुराचे व भोवतालच्या वनाचे रक्षण करतो.