विश्लेषण : किर्लोस्करांचे पंप सेनेगलच्या धानशेतीत कसे पोहोचले?

मुलचेरा तालुक्यातली रोवणी बहुतांशी पावसाच्या भरवशावर असते. पाऊस लांबला की नाल्यावर पंप बसवून बांधीत पाणी घेण्याचा विचार सुरू होतो. तेव्हा पहिले प्रश्न दोनच असतात : पंपाचे पैसे कोण देणार आणि तो बिघडला तर दुरुस्त कोण करणार? परदेशात गिऱ्हाईक शोधायला निघालेल्या यंत्र कारखानदारालाही याच दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलला किर्लोस्कर ब्रदर्सने सिंचनाचे पंप पुरवले, ते याचे चांगले उदाहरण.

सेनेगललाच पंप का हवे होते?

सेनेगलमध्ये भात रोजच्या जेवणात असतो. आपल्याकडे स्वस्तात जाणारी तांदळाची कणी तिथे आवडीने खाल्ली जाते आणि ती वर्षानुवर्षे आशियातून येत आली आहे. उत्तरेकडील सेनेगल नदीच्या खोऱ्यात १९८० च्या दशकात दियामा आणि मनंताली ही धरणे झाली. नदीला पाणी राहू लागले, पण ते उचलून शेतात टाकायला पंप लागतात. पुढे २००८ मध्ये जगभर तांदूळ महागला, भारतानेही बिगरबासमती तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. आयात तांदळावर जगणे किती धोक्याचे, हे सेनेगलला तेव्हा चांगलेच कळले.

पैसे कोणी दिले?

भारताने २००४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील आठ देशांसाठी ‘टीम-९’ उपक्रमातून ५० कोटी डॉलरच्या सवलतीच्या कर्जाची तयारी दाखवली. त्या आठांत सेनेगल होता. सिंचनासाठी त्याला एक्झिम बँकेमार्फत २ कोटी ७० लाख डॉलरचे कर्ज मिळाले. या व्यवहारात पैसा परदेशी जात नाही. माल रवाना झाला की बँक भारतातल्या कारखानदाराला पैसे देते आणि कर्ज घेणारा देश बँकेला हप्त्यांनी फेडतो. अट अशी, की साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायची. मदत म्हणा किंवा विक्री, दोन्ही खरे.

मग विक्रेत्याने प्रवास कशाला करायचा?

कारण कर्जाची मागणी त्या देशाच्या सरकारने करायची असते. आपल्याला पंप हवेत, अमुक क्षमतेचे हवेत, हे तिथल्या अधिकाऱ्यांना आधी पटावे लागते. नदीच्या पाण्यात गाळ किती, डिझेल कुठवर पोहोचते, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. सेनेगलचा सरकारी कारभार फ्रेंचमध्ये चालतो, त्यामुळे कागदपत्रे आणि बोलणीही त्याच भाषेत. नव्या गिऱ्हाइकाला पटवण्याची ही मेहनत किर्लोस्करांना घरच्याच बाजारात शिकावी लागली होती. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात, लोखंडाने जमीन नासते असा समज होता. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये उभी राहिली ती त्यानंतर.

सेनेगलचे धान उत्पादन २००७ मध्ये सुमारे दोन लाख टन होते, ते २००८ मध्ये सुमारे चार लाख टनांवर गेले. याचे सगळे श्रेय पंपांना देणे बरोबर नाही. चांगला पाऊस आणि खत-बियाण्यांवरील सरकारी सवलतही त्यात होती.

आणि दुरुस्तीचे काय?

कर्जातून पंप येतो. नंतरचे सील, बेअरिंग, इंजिनाचे सुटे भाग मात्र शेतकऱ्याला स्वतःच्या खिशातून घ्यावे लागतात. जवळच्या गावात ते मिळाले नाहीत, तर पंप शेडमध्ये पडून राहतो आणि पुढची ऑर्डर दुसऱ्या देशाच्या कंपनीकडे जाते. म्हणून पहिला माल उतरल्यानंतर कारखान्याच्या माणसाला पुन्हा विमान धरावे लागते, या वेळी मेकॅनिक शोधायला.