पावसात फास्टॅग चालत नाही? मामाच्या गाडीने शिकवलेला 'कन्फाउंडर'



रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात 'कन्फाउंडिंग व्हेरिएबल'ची व्याख्या तुम्ही पाठ केली असेल. पेट-सेटच्या तयारीत मीही केली होती. पण ती खरी समजली ती बोईसरला, मामाच्या गाडीत बसून. म्हणून आजचा लेख फास्टॅगवर आहे. टॅग काचेला कसा आणि का चिकटवायचा हे तर कळेलच, पण त्यानिमित्ताने एखाद्या बिघाडाचं कारण कसं शोधायचं, हे मला सांगायचं आहे.

आधी प्रसंग

माझ्या मामाची भाड्याची गाडी आहे. बोईसर-तारापूर पट्ट्यातले पेशंट वापीच्या दवाखान्यात नेणं, एमआयडीसीतल्या पाहुण्यांना मुंबईला सोडणं, असं त्याचं काम चालतं. चिल्हार फाट्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागलं की उत्तरेला चारोटीचा टोल, दक्षिणेला खानिवड्याचा. म्हणजे कुठेही जा, टोल आहेच.

गेल्या वर्षी पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि मामाच्या गाडीची समोरची काच फुटली. काचेबरोबर टॅगही गेला. नवा टॅग आला, पण मामाने तो चिकटवलाच नाही. त्याचं म्हणणं, "या रस्त्याला काच परत फुटणार, मग परत टॅगचे पैसे कशाला घालवू?" हा हिशोब अगदीच चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. टॅग एकदा चिकटवून उपटला की फाटतो. तो तसाच बनवलेला असतो, म्हणजे एका गाडीचा टॅग काढून दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये.

मग मामा काय करायचा? नाका आला की टॅग हातात घेऊन काचेमागे धरायचा. बहुतेक वेळा फाटक उघडायचं. पण पावसाळ्यात एकदा मागच्या सीटवर पेशंट असताना एका नाक्यावर टॅग वाचलाच गेला नाही. मागे हॉर्न सुरू झाले, पेशंटची बायको रडकुंडीला आली. शेवटी मामाने दुप्पट पैसे रोख भरले आणि ते भाड्यात मागितलेही नाहीत.

त्या रात्री तो मला म्हणाला, "पावसात हा टॅग चालत नाही. तू एवढी शिकतेस, सांग ना का ते."

मी लॅबमध्ये डायलेक्ट्रिक पदार्थ मोजते. काच, पाणी, विद्युतचुंबकीय लहरी, सगळं माझ्याच विषयातलं. तरी मला उत्तर देता आलं नाही. खोटं कशाला बोलू, फार लाज वाटली.

टॅगमध्ये असतं काय?

पहिली गोष्ट, टॅगमध्ये पैसे नसतात आणि बॅटरीही नसते. असते एक बारीक चिप आणि तिला जोडलेला धातूचा पातळ अँटेना. चिपमध्ये ओळख क्रमांक असतो.

नाक्यावर लेनच्या वर जो चौकोनी डबा टांगलेला दिसतो तो रीडरचा अँटेना. तो रेडिओ लहरी सोडतो. आपल्याकडे यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरतात. त्याच लहरींमधली थोडीशी ऊर्जा घेऊन चिप जागी होते आणि आलेली लहर कमी-जास्त प्रमाणात परतवून आपला क्रमांक 'सांगते'. समोरच्याने टॉर्च मारावा आणि आपण आरसा हलवून खुणा कराव्यात, तसं. टॉर्च त्याचा, आरसा फक्त आपला.

पुढचं काम संगणकाचं. वाचलेला क्रमांक नाक्यावरून बँकेकडे आणि एनपीसीआयच्या एनईटीसी या यंत्रणेकडे जातो. तिथे टॅग कुठल्या बँकेचा आहे, चालू आहे की बंद, हे बघितलं जातं आणि टॅग देणारी बँक खात्यातून पैसे वळते करते.

आपल्या भागासाठी एक विशेष गोष्ट. या पद्धतीचा पहिला पथदर्शी प्रयोग २०१४ मध्ये अहमदाबाद-मुंबई याच मार्गावर झाला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, त्याच वर्षी. पुढे फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलच्या सगळ्या लेन फास्टॅगच्या झाल्या.

पहिला धडा: लक्षण एक, थर अनेक

'फाटक उघडलं नाही' हे लक्षण झालं, कारण नव्हे. कारण तीन थरांपैकी कुठेही असू शकतं:

१. रेडिओचा थर: टॅगला ऊर्जा पोचली नाही किंवा त्याचं उत्तर रीडरपर्यंत आलं नाही.
२. माहितीचा थर: क्रमांक वाचला गेला, पण टॅग बंद यादीत आहे किंवा गाडीचा वर्ग जुळत नाही.
३. खात्याचा थर: शिल्लक नाही.

आता प्रश्न असा विचारायचा की एकाच निरीक्षणातून यातले जास्तीत जास्त पर्याय कसे बाद होतील? इथे उत्तर सोपं आहे. लेनच्या स्क्रीनवर गाडीचा नंबर दिसला का? दिसला असेल तर रेडिओने आपलं काम केलंय, दोष पुढे शोधा. काहीच दिसलं नसेल तर आधी रेडिओकडे बघा. कर्मचाऱ्याने हातातलं यंत्र टॅगजवळ नेल्यावर तो वाचला गेला, तर चिप जिवंत आहे, फक्त लांबून सिग्नल पुरत नाही.

मामाला विचारलं. तो म्हणाला, "स्क्रीनवर काहीच नव्हतं. मग पोरगा मशीन घेऊन आला, त्यात आला नंबर. पण तोवर भांडण होऊन मी पैसे भरून बसलो होतो." बघा, या एका वाक्याने बँक, शिल्लक, बंद यादी सगळं बाद झालं. राहिला रेडिओ.

दुसरा धडा: मोजण्याआधी अंदाज काढा

आता पाऊस दोषी आहे का? आधी कागदावर बघू.

८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ३४.६ सेंटिमीटर. रीडर ४ वॅट इतक्या ताकदीने लहर सोडतो आणि टॅग ५ मीटरवर आहे असं धरू. मोकळ्या हवेत टॅगला मिळणारी शक्ती काढायला तरंगलांबीला (४ × पाय × अंतर) ने भागा, त्याचा वर्ग करा आणि ४ वॅटने गुणा. उत्तर येतं सुमारे ०.१२ मिलिवॅट. रीडर आणि टॅग यांच्या लहरींची दिशा पूर्ण जुळत नाही म्हणून निम्मं सोडून द्या. राहिले ०.०६ मिलिवॅट. चिपला जागं व्हायला साधारण ०.०१ ते ०.०२ मिलिवॅट लागतात.

म्हणजे आपल्याकडे तीन ते सहा पट जास्तीची सोय आहे. ऐकायला बरी वाटते, पण फार नाही. दहापट घट करणारी एखादी गोष्ट मध्ये आली की खेळ खलास.

हवेतल्या पावसाने या लहरींवर जवळपास काही परिणाम होत नाही. पावसाचे थेंब मिलिमीटरचे, लहर हातभर लांब. काचेवर पाण्याचा थर असेल तर थोडा फरक पडू शकतो, पण पावसात रांगेतल्या बाकीच्या गाड्या तर सुटत होत्या! हीच आपली 'कंट्रोल'. त्यांच्या काचाही ओल्याच होत्या, फरक एवढाच की त्यांचे टॅग चिकटवलेले होते.

तिसरा धडा: पावसाबरोबर अजून काय बदलतं?

मग मी मामाला दुसरा प्रश्न विचारला, "कोरडं असताना टॅग कसा धरतोस आणि पावसात कसा?"

तो हसला. म्हणाला, "कोरडं असलं की दोन बोटांनी कडेला पकडून काचेला लावतो. पावसात दोन्ही हात स्टिअरिंगवर लागतात गं, तेव्हा डॅशबोर्डवर ठेवतो. नाहीतर ऐनवेळी मुठीत धरून दाखवतो."

सापडलं! पावसाबरोबर टॅगची जागाही बदलत होती. मामाला दिसत होता पाऊस, चिपला जाणवत होती जागा. हाच तो कन्फाउंडर: संशयिताबरोबर नेहमी फिरणारा आणि स्वतः मात्र नामानिराळा राहणारा.

डॅशबोर्डवर काय होतं? टॅगखाली मोबाईल, सुट्ट्या नाण्यांचा डबा. अँटेना धातूला टेकला की धातूत उलट दिशेचा प्रवाह तयार होतो आणि टॅगचा सिग्नल जवळजवळ खोडला जातो. शिवाय टॅग सरकून त्याचं टोक रीडरकडे झालं तर अशा अँटेनाला त्या बाजूने फारसं काही मिळतच नाही. आणि मूठ? आपला हात म्हणजे बराचसा खारट पाणी. तो ऊर्जा शोषतो आणि अँटेनाची जुळवलेली वारंवारता सरकवतो. आपली तीन-सहा पटीची सोय तिथेच संपते.

पण थांबा, हाही अजून हायपोथिसिसच होता. छान गोष्ट सुचली म्हणून ती खरी ठरत नाही. मी मामाला एक वही दिली. चार रकाने: कोरडं आणि काचेला, कोरडं आणि डॅशबोर्डवर, पाऊस आणि काचेला, पाऊस आणि डॅशबोर्डवर. गाडीत प्रवासी नसतील आणि मागे रांग नसेल तेव्हाच करायचं, अशी अट घातली. कोणाचा खोळंबा करून प्रयोग करायचा नाही, हाही मेथडॉलॉजीचाच भाग आहे.

खरी मेख दोन रकान्यांत होती. कोरड्या दिवशी डॅशबोर्डवर ठेवलेला टॅग अडकला. पावसात काचेला नीट धरलेला टॅग सुटला. 'पाऊस' हे कारण असतं तर नेमकं उलटं व्हायला हवं होतं. फेऱ्या थोड्याच होत्या, एवढ्यावर पेपर निघणार नाही. पण मामाची सवय बदलायला तेवढं पुरलं.

मग चिकटवायचा कसा?

आता प्रत्येक सूचनेमागचं कारण तुम्हालाच सांगता येईल.

- समोरच्या काचेला आतून, वरच्या भागात मध्यावर, आरशाच्या मागे लावा. लेनवरच्या अँटेनाला तिथून मोकळी दृष्टी मिळते, धातूची चौकट लांब राहते आणि चालकालाही आडवं येत नाही.
- काच आतून पुसा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. ओल किंवा धूळ राहिली तर गोंद धरत नाही, टॅग आणि काच यांच्यात हवेचे फुगे राहतात. हा टॅग काचेला चिकटलेला असेल असं गृहीत धरूनच जुळवलेला असतो, म्हणून काच त्याच्यासाठी अडथळा नाही, त्याच्या डिझाइनचा भाग आहे. प्लॅस्टिकच्या पाकिटात लोंबणारा टॅग त्याच्या ठरलेल्या परिस्थितीत नसतो.
- काचेवर धातूचा थर असलेली उष्णतारोधक फिल्म असेल तर टॅग तिच्यामागे लावू नका. काही गाड्यांची काचच तशा थराची असते. अशा गाड्यांत टॅगसाठी बहुतेक वेळा आरशामागे मोकळी जागा सोडलेली असते, मॅन्युअलमध्ये बघा.
- मागचा कागद सोलताना टॅग दुमडू नका. अँटेना फार पातळ असतो.
- जागा आधी ठरवा, मग चिकटवा. दुसरी संधी नाही!

नियमांचंही थोडं. टॅग नसेल किंवा चालत नसेल तर नेहमीपेक्षा जास्त टोल पडतो. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरला तर सव्वा पट. उलट तुमचा टॅग वैध आणि चालू आहे, खात्यात शिल्लक आहे आणि नाक्याचंच यंत्र बिघडलंय, तर पैसे न घेता सोडण्याची तरतूद २०१८ पासून आहे. अडचण आली तर १०३३ वर फोन करता येतो. मात्र न चिकटवता हातात धरलेला टॅग आता नियमातच बसत नाही, तो काळ्या यादीत जाऊ शकतो. म्हणजे मामाचं काच फुटण्याचं गणितही फसलंच. नव्या टॅगच्या पैशापेक्षा असे दोन-चार दुप्पट टोल महाग पडले असते.

शेवटी

टॅग आम्ही दोघांनी मिळून चिकटवला. मामाने काच पुसली, मी जागा दाखवली. त्यानंतर भर पावसातही गाडी सुटते आहे. तरी परवा तो म्हणालाच, "पाऊस कमी झालाय यंदा, म्हणून चालतोय." मी वही पुढे केली.

तुमच्या घरातही अशी वाक्यं असतील. 'अमावस्येला मोटर जळते', 'शनिवारी नेट स्लो असतं' वगैरे. हसू नका. त्यात निरीक्षण खरं असतं, कारण तेवढं चुकलेलं असतं. असं एक वाक्य घ्या आणि कागदावर तीन ओळी लिहा: लक्षण काय, कारणाचे थर किती, आणि त्या संशयिताबरोबर अजून काय काय बदलतं. मुलाखतीत 'तुमचा रिसर्च प्रॉब्लेम काय' असं विचारतील तेव्हा ही सवय पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आणि हो, घरच्या माणसाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर "माहीत नाही, बघून सांगते" म्हणायला लाजू नका. माझा हा सगळा शोध तिथूनच सुरू झाला.